अळणी शहर

३ नोव्हेंबर, रविवार

पोचलो. खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. जागा मास्तरणीने ठरवलेली, तेव्हा काहीतरी खोट निघणारच होती. दोन खोल्या, मागे गॅलरी, कोपऱ्यात दोन शेगड्यांचा ओटा. ओटा बघून मला जरा बरं वाटलं, तेवढ्यात मेट्रनने बजावलं, "पळे, त्याच्याकडे बघायचं पण नाही. आठ दिवस तू फक्त खायचं."

पळी हे माझं शाळेतलं नाव. हातपाय काड्या आणि डोकं वाटोळं, म्हणून बाकावर शेजारी बसणाऱ्या मास्तरणीने ठेवलेलं. पुढे मी खानावळ काढली तेव्हा तिने गावभर सांगितलं की, मला आधीच माहीत होतं. तीस वर्षं भूगोल शिकवून ती निवृत्त झाली. मेट्रन इस्पितळातल्या नोकरीतून यंदा सुटली. मी एकटीच अजून शेगडीपुढे उभी आहे. शाळेत असताना तिघींनी ठरवलं होतं, एकदा मोठ्या शहरात जायचं आणि सकाळ-संध्याकाळ नुसतं खात सुटायचं. त्याला आज मुहूर्त लागला, दात हलायला लागल्यावर.

मास्तरणीने प्रत्येकीला एक वही दिली आहे. जिथे खाऊ तिथले गुण लिहायचे, दहापैकी. मीठ वेगळं, तिखट वेगळं, वास वेगळा. एकमेकींच्या वह्यांत डोकवायचं नाही. सुटली तरी शाळा काही सुटत नाही हिची. मी पुढून गुण लिहिणार आणि मागून हे, माझं मला.

त्यांना सांगितलेलं नाही, पण मी नुसती मजा करायला आलेली नाही. सोळा तारखेला मोठ्या कचेरीतली माणसं आमच्याकडे जेवण चाखायला येणार आहेत. पसंत पडलं तर त्यांच्या ऐंशी माणसांचं दुपारचं जेवण आपल्याकडे. नाही पडलं तर खानावळ पुढच्या वर्षी उघडी राहील की नाही, मला सांगता येत नाही. साठ जण रोज जेवायचे, ते आता चौतीस उरलेत. समोर दिव्यांच्या माळा लावून नवं हॉटेल उघडलंय, तिकडे पळाले सगळे. लोकांना दिवे जेवायचे असतील तर जेवोत. पण एखादा नवा पदार्थ हाती लागला तर मी त्यांना परत आणून दाखवीन.

४ नोव्हेंबर

सकाळी पुलाखालचं सूपवालं दुकान. उभ्याने प्यायचं. दोन माणसं, तीन पातेली, पण काम बघण्यासारखं. प्रत्येक पातेल्याची पळी वेगळी आणि एकीची दुसरीत जात नाही. वाट्या उकळत्या पाण्यातून काढूनच पुढे येतात. एवढा चोख कारभार आणि सूप मात्र अळणी! गरम पाण्यात भाज्यांना पोहायला सोडलेलं. मी मीठ मागितलं तर वाढणारा माझ्याकडे बघतच राहिला.

"छान आहे की गं," मास्तरीण म्हणाली. मेट्रन वहीत लिहीत होती.

मीठ: दोन. वास: तीन, लाजेखातर.

संध्याकाळी मंडईजवळचा भात. तोही अळणी.

५ नोव्हेंबर

बंदरावर तळलेला मासा. कुरकुरीत, वर लिंबू. लोक कागदात घेऊन धक्क्यावर बसून खात होते. आम्हीही बसलो. मेट्रनने डोळे मिटून "आहाहा" केलं. मला मात्र कापूस चावल्यासारखं झालं. मोठ्या शहराचं नाव ऐकून आलो. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय.

मी आता पिशवीत मिठाची पुडी ठेवते. मेट्रनने पाहिलं.

"किती घालतेस?"

"चिमूटभर."

"पळे, ती चिमूट नाही. मूठ आहे."

इस्पितळातलं बेचव खाऊन हिची जीभ मेली आहे, त्याला मी काय करू.

घरी फोन केला. आज एकोणचाळीस जण जेवले म्हणे. महिन्याची सुरुवात आहे, येतातच. सुनेला विचारलं, रश्शात बटाटा घातलास का? तर म्हणाली, "नाही आई, या आठवड्यात लागला नाही." मी असले की हिला लागतो! माझी पाठ फिरली रे फिरली की दोन-चार सोललेले बटाटे पातेल्यात सोडते आणि वाढायच्या आधी काढून घेते. रस्सा पुरवायला करत असणार. माझ्या हाताखाली अकरा वर्षं काढून बाई शिकली काय, तर पाणी आणि बटाटा. टेबलांवर पाण्याचे तांबेसुद्धा तिनेच वाढवलेत, दोनाचे चार.

यांची तब्येत विचारली. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली म्हणाले. जेवताना तांब्या जवळ घेऊन बसतात आणि घासागणिक पाणी पितात, मग होणारच. बोलायचं मात्र नाव नाही. तेहेतीस वर्षांत या माणसाने ताटातल्या कशाला बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही.

७ नोव्हेंबर

काल नुसतं चालणं झालं. पाय सुजले. लिहिण्यासारखं काही नाही.

आज पावाची जुनी भट्टी. दुकान उघडायच्या आधीच रांग गल्लीच्या तोंडापर्यंत. भट्टीचं दार उघडलं आणि सगळी रांग एकदम हलली. माणसांनी माना वर केल्या, एका बाईने तर छातीवर हात ठेवला. मास्तरीण माझ्याकडे वळली.

"वास आला का गं?"

"येतोय की," मी म्हटलं.

हे खोटं होतं. का बोलले कुणास ठाऊक. गर्दी होती, लक्ष नव्हतं माझं. पण खोटं बोलले हे खरं, आणि ही वही माझीच आहे, म्हणून लिहून ठेवते.

मार्चमध्ये ताप येऊन गेला, तेव्हापासून नाक थोडं चोंदलेलं असतं. थोडंच.

पाव: वास आठ. मास्तरीण ज्या तोंडाने खात होती त्यावरून दिले.

८ नोव्हेंबर

आज तिघींनी नवे कपडे घातले आणि वरच्या पेठेतल्या बड्या ठिकाणी गेलो. पांढरे टेबलक्लॉथ. ताट परातीएवढं आणि त्यात मधोमध जेवण कोंबडीच्या पिल्लाएवढं. मी दोन घास घेतले, पुडी काढली, भुरभुरवली आणि वाढप्याला सांगितलं, "तुमच्या मुख्य स्वयंपाक्याला बोलवा." मास्तरीण टेबलाखालून लाथा मारत होती.

आला. पन्नाशीचा, हात भाजल्याच्या जुन्या खुणांनी भरलेले. ते हात बघून मी जरा नरमले. तरी म्हटलं, "भाऊ, मी पण याच धंद्यातली. मनाला लावून घेऊ नका, पण तुमच्या हाताला मीठ नाही."

त्याला राग आला नाही. चमचा मागवून त्याने माझ्याच ताटातलं चाखलं आणि घाईने पाणी प्यायला. मग मला हळूच म्हणाला, "ताई, आमच्याकडे दर तासाला दुसऱ्या कोणाकडून तरी चाखवून घेतात. माझ्या जिभेवर मीही भरवसा ठेवत नाही. दिवसभर वाफेत उभं राहिलं की जीभ थकते."

ज्याला स्वतःच्या जिभेवर भरवसा नाही त्याने या धंद्यात पडू नये! मी कधीच चाखत नाही, हात घातला की हाताला कळतं. हे त्याला सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, "नशीबवान आहात," आणि नमस्कार करून गेला. मेट्रन ताटाकडे बघत होती.

खोलीवर आल्यावर दोघी गॅलरीत कुजबुजत होत्या. "तू सांग." "नाही, तू सांग, तुझं ऐकते ती." माझ्या घोरण्याबद्दल असणार. सांगा की बायांनो! ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?

फोन: आज त्रेचाळीस. मेले माझ्या पाठीमागेच बरे येतात.

९ नोव्हेंबर, सकाळ

दोघी पाव आणि फळं आणायला गेल्या आहेत. मी गुडघ्याचं निमित्त करून राहिले. मेट्रनचा हुकूम मोडून ओट्यावर दूध ठेवलं आहे. आल्यावर गरम कॉफी मिळाली की काही बोलणार नाहीत. रस्त्याचा आवाज खोलीत घुमतो आणि वारं ज्योत विझवील, म्हणून मधलं दार ओढून इथे गॅलरीत लिहीत बसले आहे. दुधाची काळजी नाही. तीस वर्षांचं नाक आहे, उतू जायच्या आधी मला वर्दी देतं.

सोळा तारखेचा बेत ठरवते. डाळ, भात, मिक्स भाजी, माझा नेहमीचा रस्सा. नवीन काही या शहरात सापडलं नाही. पळसाला पाने तीनच, आणि इथे तर तीही अळणी. पण एक गोष्ट मनात येते. सहा दिवसांत दहा ठिकाणी खाल्लं. दहाही ठिकाणी लोक रांगा लावून उभे होते. ते सगळे खुळे आणि मी एकटी शहाणी, असं असेल का? असेलही. समोरच्या हॉटेलात जाणारे खुळेच नाहीत का. पण सूपवाल्याचं काम इतकं नेटकं होतं, आणि तो भाजलेल्या हातांचा माणूस, तो काही चुकार वाटला नाही. मग त्याच्या हातून मीठ कसं

९ नोव्हेंबर, दुपार

"कसं"पाशी मधलं दार धाडकन उघडलं. मेट्रन धापा टाकत उभी, मागे खोलीभर धूर. "पळे! पहिल्या मजल्यावर वास येतोय!" तिने शेगडी बंद केली. पातेलं आतून कोळसा झालं होतं. शेजारची बाई जिन्यात आली होती, खालचा म्हातारा आला होता. सगळ्यांना वास आला. मी दहा पावलांवर बसले होते.

मी म्हटलं, दार बंद होतं. मास्तरीण म्हणाली, "दाराखाली चार बोटं फट आहे गं."

मग मेट्रनने मला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर ओढणी बांधली आणि नाकासमोर एकेक वस्तू धरली. काय आहे सांग. मी म्हटलं, साबण. काहीच नाही. लिंबू. पुन्हा काहीच नाही. ओढणी काढली तेव्हा समोर चिरलेला कांदा, कॉफीची पूड, साबण आणि ते जळकं पातेलं ओळीत ठेवलेलं होतं. साबणाला मी लिंबू म्हटलं होतं. कांद्याला साबण. जळक्या पातेल्याला काहीच नाही.

माझा जो तोल गेला तो गेलाच. मी म्हटलं, तुम्ही दोघी मला इथे तपासायला आणलंत. वह्या काय, गुण काय! ढोंगी आहात.

"हो, आणलं," मास्तरीण म्हणाली. तिचा आवाज कापत होता, आणि वर्गात तिचा आवाज कधी कापला असेल असं मला वाटत नाही. "बाहेरचं खाल्लं की तुझं तुलाच कळेल असं वाटलं. तू तर उलट सगळ्या शहराला नापास केलंस."

"मग सरळ सांगायचं होतं!"

"सांगायलाच हवं होतं. वीस वर्षं तुझ्याकडे जेवतो आम्ही. खाल्ल्या मिठाला जागायचं असतं, आणि गेले आठ महिने तर आम्ही जरा जास्तच खाल्लंय."

मेट्रन फिस्कन हसली. मग मास्तरीण हसली. मला हसू आलं नाही. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. भीती वाटली, हे स्पष्ट लिहिते. आई गेली तेव्हाही इतकी वाटली नव्हती. माझ्याकडे दुसरं काय आहे? शिक्षण नाही, रूप नव्हतंच. हाताला चव होती.

बाहेर आल्यावर मास्तरणीने उरलेलंही सांगितलं. सून मास्तरणीच्या घरी गेली होती, दिवाणखान्यात बसून रडली होती. हा सगळा बेत सुनेचा. बटाटे रस्सा पुरवायला नव्हते. ते मीठ ओढून घ्यायला होते.

१० नोव्हेंबर

बाहेर गेले नाही. मेट्रन म्हणते, तापानंतर असं कधी कधी होतं. वास जातो, मग चव अर्धी राहते आणि माणूस मीठ वाढवत जातं. परत येतं कधी, कधी नाही येत. गेल्यावर डॉक्टरकडे जायचं, ती सोबत येणार. पुढचं तिला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं तिने दाखवलं नाही, त्याबद्दल मला बरं वाटलं.

दुपारी सुनेला फोन केला. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं, ते सगळं विसरले.

"बटाटे का घालायचीस?"

तिकडे तिने पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "आई, तुम्हाला कळलं?"

"मला का नाही सांगितलंस?"

"एप्रिलमध्ये सांगितलं होतं. मीठ जास्त झालंय म्हटलं, तर तुम्ही माझ्या हातातला चमचा काढून घेतलात. म्हणालात, अकरा वर्षांत मीठ कळायला लागलं का तुला?"

मला हे आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे, ओळखू येतं.

"आज किती जण?" मी विचारलं.

"सत्तेचाळीस," ती अपराध्यासारखी म्हणाली.

समोरच्या हॉटेलच्या दिव्यांना मी आठ महिने शिव्या घातल्या. नाचता येईना, अंगण वाकडं.

"सोळा तारखेला तूच रांध," मी म्हटलं.

"मी एकटी नाही," ती म्हणाली. "हात तुमचा. चाखीन मी."

संध्याकाळी तिघी पुलाखालच्या सूपवाल्याकडे पुन्हा गेलो. मी मीठ मागितलं नाही. मला सूप गरम लागलं, गाजर मऊ लागलं, कसली तरी डाळ दाताखाली फुटली. बाकीचं मास्तरणीने सांगितलं. आधी आलं येतं, मग जरा आंबट, शेवटी घशाशी मिरी. भूगोलाच्या तासासारखं, कुठून निघून कुठे जातं ते सगळं. वाटी संपली. वहीतले त्याचे दोन आणि तीन खोडून मी गुणांची जागा मोकळी ठेवली.

१६ नोव्हेंबर, शनिवार

कचेरीची तीन माणसं आली. बाराला आली आणि दीडला उठली. त्यातल्या जाड्याने भात दोनदा घेतला. आधी एक महिना करून बघा, म्हणाले, मग पुढचं ठरवू. एक तारखेपासून ऐंशी ताटं. हे लिहून ठेवते, कारण ही आनंदाची गोष्ट आहे आणि मला आनंद झालेला आहे.

आता दुसरी गोष्ट. ती अजून घशात अडकलेली आहे.

सकाळी रस्सा उकळला. मी मीठ घातलं, मोजून, सुनेने चमच्याने दिलं तेवढंच. हाताला ते कमी वाटत होतं, हात आखडून धरला. तिने वाटीत घेऊन फुंकर घातली, चाखलं.

"मीठ बरोबर आहे."

"बाकी?"

"बाकी ठीक."

"ठीक म्हणजे? चाखायचं काम तुझं आहे ना आता? मग गुळमुळीत बोलू नकोस, नीट सांग."

तिने पदराला हात पुसले. "आई, राग नाही ना येणार?"

"येईल. सांग."

"हळद जास्त आहे. कडवट लागतं मागून."

"आज जास्त पडली?"

"आज नाही. पहिल्यापासूनच असते."

"पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?" माझा आवाज चढला होता. पलीकडे टेबलं पुसणं थांबलं. "तापानंतर?"

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून," ती म्हणाली.

अकरा वर्षं! ज्या रश्शावर मी खानावळ उभी केली तो रस्सा. मी तोंड उघडलं, आता हिला चांगलं सुनवायचं म्हणून, तेवढ्यात पुढून, दाराजवळच्या खुर्चीतून, यांचा आवाज आला.

"तिच्या आधीपासून."

मी वळून बघितलं. हे वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र खाली आलं नाही.

सून खाली मान घालून उभी होती, तिचे खांदे हलत होते. रडते की काय म्हणून मी वाकून बघितलं, तर हसू दाबत होती.

मी हळदीचा डबा उचलून तिच्या बाजूला ठेवला आणि जोरात विचारलं, दोघांनाही ऐकू जाईल असं, "अजून काही?"

"आज एवढं पुरे," हे पेपरामागून म्हणाले.